नववं पाऊल

१२ जानेवारी, सोमवार

…आणि सडा घालून झाला की हे मुद्दाम त्याच ओल्या अंगणात उतरायचे. त्यातली एक सकाळ काही वेगळी नव्हती, तरी तीच आठवते. चूल पेटवली. म्हशीची धार काढली. शेण कालवून सडा घातला. घंगाळ पाण्यानं भरून अंगणाच्या मधोमध ठेवलं, कारण ऊन पहिलं तिथंच पडतं. तेवढ्यात हे काठी घेऊन आले.

"ते उचल की मधून. पवित्र्यात येतंय."

मी म्हटलं, "पवित्रा वळवा. घंगाळ हलायचं न्हाई."

एकतीस वर्षं हेच बोलणं. मग काठी फिरायची, वाऱ्यासारखा आवाज यायचा, ओल्या शेणात बारा पावलं उमटायची. ती वाळेपर्यंत मी झाडूला हात लावत नव्हते. ह्यांना ते कधी सांगितलं नाही.

अख्खं ठाणाकुशनूर ह्यांना रत्नपाल वस्ताद म्हणायचं. जयंतीच्या मिरवणुकीत काठी फिरवणारे सगळे ह्यांच्याच हाताखालचे. आता अंगण मोकळं आहे. काठी भिंतीवर दोन खिळ्यांवर आहे. हे गेल्यापासूनची धूळ मी तिच्यावरून पुसलेली नाही. मुद्दाम.

आज बघते तर काठी स्वच्छ!

घरात आम्ही दोघीच. मी आणि सून राजश्री. प्रेमानंद हैदराबादला कामाला. मग पुसली कुणी?

१३ जानेवारी, मंगळवार

विचारलं नाही. नुसतं बघायचं ठरवलं.

राजश्री आतल्या खोलीत लॅपटॉपपुढे बसते. बंगळूरच्या कुणाकडचं गेमचं काम घरूनच करते, एवढंच मला माहीत. आज दार ओढून घेऊन फोनवर कन्नडात बोलत होती. पलीकडचा गडी तिला अक्का अक्का करत होता. सुनीलकुमार त्याचं नाव. ही त्याला म्हणाली, "अत्तेगे हेळबेडा."

माझं कन्नड औरादच्या बाजारापुरतं. पण सासूला सांगू नको, हे कळायला तेवढं पुरतं.

१५ जानेवारी, गुरुवार

काठीच्या खाली शिवणाची टेप पडलेली. काठी मोजली! कशाला?

दुपारी शेजारची बाणूबाई तिळाच्या पोळ्या घेऊन आली. तिला सांगायला नको होतं. सांगितलं.

ती म्हणाली, "इकायली आसंल. आता मोबाईलवर काय बी इकतात, अक्का. आमच्या जावयानं खाटचा फोटू टाकला, त्यात बापच झोपलेला. गिऱ्हाईक इचारतंय, म्हातारा संगं येतो का?"

खूप हसलो दोघी. ती गेल्यावर हसू टिकलं नाही. गिऱ्हाईक लांबी विचारणारच की.

संध्याकाळी काठी उतरवून माझ्या अंथरुणाखाली ठेवली. राजश्रीनं रिकाम्या खिळ्यांकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. बोलली काहीच नाही. ज्याच्या मनात काही नसतं तो विचारतो.

१७ जानेवारी, शनिवार

आजचं लिहूनच ठेवते. मी शाळेत गेलेली नाही. विहाराच्या भिंतीवरची नावं बघून बघून अक्षरं शिकले, चाळिशी उलटल्यावर. तेव्हापासून जे कुणाला बोलता येत नाही ते वहीत जातं.

राजश्री दूध घालायला डेअरीवर गेली होती. लॅपटॉप उघडाच. मी आत गेले. चोरून गेले, खोटं कशाला लिहू?

पडद्यावर एक मोकळं अंगण. त्यात पाठमोरा माणूस, हातात काठी. तोंड दिसत नव्हतं. तो एकटाच पावलं टाकत होता. एक, दोन, तीन. डावा खांदा जरा पडलेला. आठ. आणि नवव्या पावलाला तो डावीकडे वळला.

हे होते!

तोंड दिसायची गरज नव्हती. ते वळणं माझ्या ओळखीचं.

मी हात पुढं केला. पडद्यालाच लावणार होते, पण बोट खाली सगळ्यात लांब बटणावर पडलं. अंगणाची दारं उघडली, तीन माणसं आत आली आणि त्यांनी ह्यांना पाडलं. हे गुडघ्यावर बसले, मग आडवे झाले. मी तोंडावर पदर धरला. तेवढ्यात हे परत उभे. तेच अंगण. एक, दोन, तीन. आणि परत ती माणसं.

जन्मात ह्यांना काठीखाली कुणी पाडलं नाही. पडले ते शेताच्या बांधावर, छाती धरून, एकदाच. आणि ही माझ्या घरात बसून ह्यांना दिवसाला किती वेळा मारते?

राजश्री दारात किटली घेऊन उभी होती. म्हणाली, "आत्या, मी सांगणारच होते."

मी बाजूनं निघून आले.

१८ जानेवारी, रविवार

प्रेमानंदला फोन लावला. सगळं सांगितलं.

"आई, गेम हाय तो."

"तुला ठाऊक व्हतं?"

"आई, तसं न्हाई ते."

"कवापासून?"

त्यानं जेवलीस का विचारलं. म्हणजे हा पण त्यातलाच. आता कुणाचं खरं मानायचं? म्हटलं, "पुढच्या रविवारी ये आणि हिला उदगीरला माहेरी नेऊन सोड." तो म्हणाला, "आई, असं कामून करायलीस?" मी फोन ठेवला.

२० जानेवारी, मंगळवार

दोन चुली नाहीत म्हणून, नाहीतर भाकरीही वेगळी थापली असती.

२२ जानेवारी, गुरुवार

राजश्रीनं बॅग भरून दाराशी ठेवली होती. मग माझ्यासमोर खाली फरशीवर बसली. "जाते मी, आत्या. पण आधी ऐका."

मी निवडत होते ते सूप खाली ठेवलं नाही.

ती म्हणाली, "त्या गेममधली माणसं कशी चालतात, ते मी बनवते. एकेका अंगणात लढायचं, आणि नुसतं लढून भागत न्हाई. पुढचं दार उघडायला फरश्यांवर अप्पांच्या बारा पावलांच्या क्रमानं पाय ठेवायचे. चुकलं की मेलं. मेलं की परत पहिलं अंगण. बाकीची अंगणं दर वेळी बदलतात. शिकलेलं तेवढं आपल्याजवळ राहतं."

"आणि ह्यांना कुणी ईचारलं?"

"अप्पांनीच दिलंय. लग्नाच्या पहिल्या वर्षी. शाळेच्या मैदानावर माझ्याकडनं मोबाईलवर व्हिडिओ काढून घेतला. म्हणाले, पोरं आता मैदानावर येईनात, मोबाईलवर तर शिकतील."

"मग लपवलीस कामून?"

"ते म्हणाले, तिला पुरं झाल्यावर दाखव. आत्ता बघितलं तर म्हणंल, म्हातारपणी नाचायला लागलाव व्हय?"

हात सुपातच राहिला. ते बोलणं माझं. शब्दान् शब्द माझं. हिला ते रचता आलं नसतं.

"पुरं व्हायच्या आधी तेच गेले," राजश्री म्हणाली. "मग सारखे मरणारे अप्पा तुम्हाला कसे दाखवू? त्यांना ठाऊक व्हतं. ते हसायचे, मरू दे म्हणायचे, परत उठतोय न्हवं."

हे असंच बोलणार. तरी मी विचारलं, "काठी मोजलीस ती?"

"नवव्या पावलासाठी. गेम खेळून बघणाऱ्या लोकांना आठ पावलं सापडतात. नवव्याला सगळे सरळ जातात आणि मरतात. समोर काहीच न्हाई, मग हा माणूस वळतो कामून? सुनीलकुमार म्हणतो, अक्का, वस्तादांचं पाऊल चुकलंय, काढून टाक. उद्या संध्याकाळपर्यंतची मुदत हाय. मला वाटलं काठी लांब म्हणून वळत असतील. काठी पुसून मोजली, पावलं मोजली. जुळंना. तुम्हाला ईचारायचं धाडस झालं न्हाई."

"मैदानावरचं दाखव."

तिनं मोबाईल पुढं धरला. शाळेचं मैदान. लांबवर एक शेळी, बाकी काही नाही. हे पांढऱ्या सदऱ्यात. तोंडानं मोजत होते. तो आवाज! सात. आठ. आणि नऊला हे डावीकडे वळले. कोरड्या मातीत, काही नसताना. पाय जरा उचलून, पाण्याला धक्का लागू नये तसे. पलीकडे गेले आणि परत सरळ झाले.

मी तीन वेळा लावायला सांगितलं.

राजश्री म्हणाली, "आत्या, चूकच हाय का ती?"

तिला एवढंच म्हटलं, बॅग आत ठेव.

२३ जानेवारी, शुक्रवार

सकाळी सडा घातला. हे गेले त्या आठवड्यात घंगाळ मी कडब्याच्या मागं टाकलं होतं, ते ओढून काढलं. चिंचेनं घासलं. पाण्यानं भरून अंगणाच्या मधोमध ठेवलं. राजश्रीला म्हटलं, "ह्याचा फोटो काढ आणि त्या सुनीलकुमारला धाड. पाऊल चुकलेलं न्हाई म्हणावं. घंगाळ राहिलंय."

प्रेमानंदला कळवलं, उदगीरला जायचं नाही. मग अंथरुणाखालची काठी काढली, चपला काढल्या, ओल्या अंगणात उतरले आणि नवव्या पावलाला डावीकडे वळले.