दोन्ही हात डावे

इस्लामपूर, मंगळवार

ती. बनूआक्कास,

मल्हारचा साष्टांग नमस्कार. तुझे गुडघे, दाजींचा खोकला आणि व्यायला आलेली काळी शेळी या तिघांचीही प्रकृती उत्तम असावी. (शेळीला शेवटी लिहिलं, पण काळजी तिचीच जास्त.) पत्र अशासाठी की फोनवर तू "जेवलास का?" विचारतेस, मी "व्हय" म्हणतो आणि तू ठेवून देतेस. पत्र असं मध्येच ठेवता येत नाही.

कारखान्यात वजनकाट्यावरचं काम ठीक आहे. संध्याकाळी खोलीवर आलो की माणसं काढतो, म्हणजे चित्रं. सगळं मोबाइलवर बघून शिकलो. नाकं जमली, मिशा तर इतक्या जमल्या की बायकांनाही येऊ लागल्या. मोबाइलवरचे गुरुजी रोज बजावतात, स्वतःची शैली शोधा. शोधतोय. पण हात शिकायचे तर समोर हात हवा. माझ्या उजव्यात पेन्सिल, खोलीत दुसरं कोणी नाही, मग उरला माझाच डावा. वर्षभर तोच काढला. त्यामुळे वहीतल्या पैलवानापासून पोलीसपाटलापर्यंत सगळ्यांना दोन्ही हात डावे आले, आणि मला कळलंही नाही, कारण वही बघणारा मी एकटाच.

काट्यावरच्या बाळासोंनी त्यांच्या लेकीच्या, पूजाच्या लग्नपत्रिकेसाठी चित्र मागितलं. जीव ओतून काढलं. नवरी हात जोडून उभी, नवरा आवतणाची अक्षत देतोय. पत्रिका छापून आल्या. पहिली देवीला म्हणून बाळासोंच्या आई शालूबाई औंधला यमाईपुढे ती ठेवायला गेल्या आणि नेमका तिथेच त्यांनी चष्मा लावला. "आरं बाळासो, जावई डाव्या हातानं अक्षत देतुया! आनि पोरीचं दोनी हात डावंच! देवीला आसलं आवतान देऊ व्हय?" परत आल्यावर मला बोलावणं आलं. मी ठोकून दिलं की ही माझी शैली आहे. शालूबाई म्हणाल्या, "मग ती तुमच्या खोलीवरच ऱ्हाऊ द्या."

शिक्षा अशी की प्रत्येक पत्रिकेवर माझ्या चित्रावर गणपतीचा स्टिकर मीच लावायचा. रविवारी बाळासोंच्या सोप्यात अख्खं घर बसलं, मी मधोमध. कोणी स्टिकर सोलतंय, कोणी पत्रिका पुढे सरकवतंय, पोहे होतायत, चहा होतोय आणि सगळे मला हसतायत. समोर इतके उजवे हात होते, वही उघडायला हवी होती. नाही उघडली. आक्का, खोटं कशाला लिहू, इतक्या माणसांत बसून मला वर्ष झालं होतं. स्टिकर संपत आले तसा मी मुद्दाम सावकाश लावू लागलो. खोलीवर परतलो आणि त्या दिवशी पेन्सिलच धरली नाही.

बाकी सर्व क्षेम. दाजींना नमस्कार.

तुझा,
मल्हार

ता. क. माझ्या चित्रकलेला उजव्या हाताची निकड आहे. ज्वारी निघाली की कवठे महांकाळहून एसटी धर आणि आठ दिवस ये. काम काही नाही, टेबलावर हात ठेवून बोलत बसायचं. (बोलल्याने हात हलत नाही.)

ता. क. २ दाजी म्हणतील, "त्याला म्हनावं, आरशाम्होरं डावा हात धर, उजवा दिसंल." सोमवारी दाढी करताना ते माझ्याही लक्षात आलं. तरी तू ये.