कोरीटच्या बांधाची थिअरी

१२ फेब्रुवारी १९६४, कोरीट
नाल्यावरच्या बांधाच्या पायाचा चर कोसळून करमसिंग गाडला गेला, त्याला आज महिना झाला. ओव्हरसीअर मी असलो तरी दोष काळ्या मातीचा. आजपासून तिची थिअरी मांडायची. कॉलेजात थर्मोडायनॅमिक्समध्ये मी पहिला होतो. माती ठोकली की काही ऊर्जा उष्णता होऊन जाते, उरलेली आत साठते. ती केव्हा सुटेल हे गणिताने सांगता आलेच पाहिजे. आठ दिवस पुरेत. मन शांत आहे.

१४ फेब्रु., सकाळी ११
धुम्मसाने ठोकलेल्या थरात थर्मामीटर खुपसले. पारा हलला नाही. थर्मामीटर सुस्त. धुडकू मुकादम विचारतो, "साहेब, माटीले ताप येस का?" अडाणी.
करमसिंगची बायको मोतीबाई पुन्हा कामावर आली. बुजवलेल्या चराजवळ पाटी ठेवून उभी राहते. मी तिकडे पाहत नाही. आज चार वेळा पाहिले नाही.

१७ फेब्रु., दुपार
जेवताना जमिनीखालून कोणी ठोकल्यासारखा आवाज. माती बसते आहे, दुसरे काय. टेबल निंबाखाली नेले. तिथेही तेच. धुडकूला ऐकू येत नाही. त्याचे कान गेलेत.

२० फेब्रु.
समीकरण पूर्ण! पडताळ्याला त्या दिवसाच्या नोंदी हव्यात. फील्डबुक उद्या उघडू. आज डोके दुखते.

२२ फेब्रु.
काल वेळ मिळाला नाही. आज उघडले. ९.२०, काठावरची भेग एक बोट. १०.०५, दोन बोटे. १०.२०, माझ्याच अक्षरात: "फार उपयुक्त. करमसिंगने खालीच थांबून भिंतीचा फुगवटा मोजावा." ११.१०, चर कोसळला. नंतर पान कोरे.
गणिताप्रमाणे चर १०.५० ला कोसळायला हवा होता. चूक फक्त वीस मिनिटांची! आनंद व्हायला हवा. होईल.

२३ फेब्रु.
मोतीबाईला सांगितले, म्हणजे धुडकूने तिच्या बोलीत सांगितले, की चर केव्हा पडेल ते आता आधी कळेल. नवऱ्याचे मरण वाया गेले नाही. तिने काहीतरी विचारले. धुडकू सांगेना. दटावले तेव्हा म्हणाला, "ती म्हनस, माटी पडी ऱ्हायनी, वर येवू का, आसं त्यानी तीन येळ इचारं. साहेबनी काय सांगं?"
वाऱ्यात ऐकू आले नाही, म्हणालो. धुडकूने ते तिला सांगितले नाही. तिने पाटी उचलली.
वारा नव्हता. मी म्हणालो होतो, अजून एक रीडिंग.