सहा वीसची किटली

५ जानेवारी, सोमवार

आले बाई एकदाची कझाख माळावरच्या या बोझतोबेला! उणे अठ्ठावीस, पापण्यांवर बर्फ, तरी मन खूश आहे. नगरपालिकेच्या मीटर खात्यात नोकरी आणि स्टेशन रस्त्यावर पाच नंबरचं घर, दोन्ही एकाच दिवशी मिळालं. आमचे साहेब तोक्तार-आगा पोटानं आणि मनानं सारखेच मोठे. खुर्ची दाखवून म्हणाले, "बस राउशान. इथं पळायचं नाही, नुसतं बघत राहायचं."

मीटर वाचायला इथं दारोदार कुणी फिरत नाही. प्रत्येक घराच्या भिंतीवर एक डबा आहे. वीज किती, पाणी किती, ऊब किती, ते तो बिनतारी शेजारच्या डब्याला सांगतो, तो त्याच्या पुढच्याला. असं घरोघर होत गावाची खबर आमच्या पडद्यावर येते. म्हाताऱ्यांनी मदतीचं बटण दाबलं तरी याच वाटेनं कळतं. बायका बोलतात तसंच, फक्त डबे तिखटमीठ लावत नाहीत.

हे डबे माझ्या सेरझाननं बसवले. सप्टेंबरात शेवटचा बसवताना याच रस्त्याच्या टोकाला खांबावरून पडला आणि गेला. माहेरचे म्हणाले, त्याच गावात कशाला मरायला जातेस. मी म्हटलं, त्याच्या हातचं काहीतरी रोज दिसेल. आमची लेक तोग्झान कारागांडाला शिकते. ती चोवीसला सकाळच्या गाडीनं येणार आहे.

८ जानेवारी, गुरुवार

नऊ नंबरचं घर कुलूपबंद आहे. काम चालू होतं तेव्हा सेरझान तिथंच भाड्यानं राहायचा. आज सकाळी सहा वीसला तिथं सात मिनिटं वीज वापरली गेली, किटलीला लागते तेवढी. पाणी दीड लिटर. आगा म्हणाले, उंदरांनी चहा टाकला असेल. मी जाऊन बघितलं. कुलपावर बर्फ, पायरीवर एक पाऊल नाही.

सेरझान वीस वर्षं सहा वीसला किटली लावत होता. मला भीती वाटली नाही. कचेरीत बसून पोटभर रडले आणि बरं वाटलं.

१३ जानेवारी, मंगळवार

नऊ नंबर आता गप्प आहे. आज आठ नंबरात सहा वीसला सात मिनिटं. तिथं एकटे म्हातारे मास्तर राहतात, ते आठशिवाय उठत नाहीत. आगा म्हणाले, म्हातारपणी झोप उडते. मला माहीत होतं कोण आलंय ते. मी हसत हसत घरी आले, देवा मला माफ कर.

१५ जानेवारी, गुरुवार

मास्तर गेले. ऊब मोजणारा आकडा पळतोय, नळ्या हाताला चटका देतायत, आणि घर आतून बर्फ. ते टेबलाशी बसलेलेच होते. समोर चहाच्या दोन वाट्या, पाहुणा आला की मांडतात तशा, दोन्हींत अर्धा अर्धा चहा, गोठलेला. डॉक्टरांनी हृदयविकार लिहिला.

१९ जानेवारी, सोमवार

सात नंबर. सहा वीस. हल्ली मी पहाटेच पडद्यासमोर येऊन बसते. तिथं गुरांचा डॉक्टर येर्मेक राहतो, चाळिशीचा धडधाकट गडी. मी लगेच फोन केला. तो हसला. म्हणाला, अहो वहिनी, वीजवाला आलाय, तोंडभर बर्फ, ओळखूसुद्धा येत नाही, बिचारा गारठून गेलाय, तिसरी वाटी चाललीय. तुमचंच घर विचारतोय. मी ओरडले, त्याला बाहेर काढा. तो म्हणाला, दारी आलेल्याला हाकलू? आमच्यात असं शिकवलं नाही.

मी धावत गेले. टेबलावर दोन वाट्या होत्या. येर्मेकच्या हाताला हात लावला तर —

२० जानेवारी, मंगळवार

आगांना सगळं सांगितलं. त्यांनी पडदा बंद केला. मग म्हणाले, पोरी, रजा घे आणि जा इथून.

मी गेले तर सेरझान माझ्या घरावरून पुढं जाईल. चार नंबरात जुळी तान्ही आहेत.

२२ जानेवारी, गुरुवार

सहा नंबर. शेजारच्या कुलपाश-आपा. मी अनवाणी धावले. आपा जिवंत! शाल गुंडाळून, दात वाजवत, पण जिवंत.

म्हणाल्या, "सूनबाई, तुझा नवरा येऊन गेला. चांगला आहे गं, पण त्याच्याबरोबर बसलं की अंगातली ऊब जाते. त्या दोघांनी अर्धी अर्धी वाटी देऊन त्याला मान दिला, बसवून घेतला. मी आपल्या रिवाजाची निरोपाची वाटी दिली, काठोकाठ. पी बाबा आणि ऊठ. मेला तरी कझाख आहे, लगेच उठला." मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, की जाताना तो एवढंच बोलला, घरी पण मला अशीच वाटी मिळाली होती.

हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. सप्टेंबरात तो दोन दिवसांसाठी घरी आला होता. सारखा बाहेरगावी असतोस म्हणून मी भांडले आणि रागानं त्याची वाटी काठोकाठ भरली. तो न पिताच टोपी घालून निघाला. तिसऱ्या दिवशी खांबावरून पडला. तो कुणाला मारायला आलेला नाही. त्याला माझ्या हातची अर्धी वाटी हवी आहे.

आणि मला ती द्यायची आहे. खूप द्यायची आहे.

२३ जानेवारी, शुक्रवार

तोग्झानला फोन, येऊ नकोस. लागत नाही. गाडीत बसली असेल. स्टेशनातून सरळ घरी येईल. आता पाळी माझ्याच घराची, उद्या तो आलेला असला तर ती वडिलांना बघेल आणि त्यांच्याजवळ बसेल. उठणारच नाही ती —

आपा म्हणाल्या, एकच उपाय आहे, तुला माहीत आहे.

नाही जमणार मला. दुसऱ्यांदा नाही.

२४ जानेवारी, शनिवार

६.२०. किटली मी लावलेली नाही.

६.२७. समोर बसलाय. कोटावरचा बर्फ वितळत नाही. किती वाळलाय. विचारतोय, पोरगी कशी आहे.

बोटं वळत नाहीत. लिहीत राहिले नाही तर त्याच्या कुशीत शिरेन.

वाटी पुढं केलीय. म्हणतो, थोडासाच घाल, राउशान. थोडासाच.

गाडीची शिटी.

ओततेय. अर्धी झाली. तो हसला — इथंच थांबावं, इथंच —

फाटकाची कडी. आई म्हणून हाक मारतेय —

सेरझान, या वेळी रागानं नाही रे. बघ माझ्याकडे, रागानं नाही, पोरीसाठी — काठापर्यंत —