आठवा चौक

१८ नोव्हेंबर, सोमवार
ठरलं. उद्यापासून मुलींची प्रॅक्टिस मी घेणार.

सत्यशीलाला जाऊन महिना झाला. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे गेले, सतरंज्या परत केल्या. मी व्यवस्थित आहे. तिची खो-खोची टीम मात्र व्यवस्थित नाही. स्वारगेटच्या मागे शाळेच्या मैदानावर तिने ती वीसेक वर्षं चालवली. जानेवारीत स्पर्धा आहे आणि कोच नाही. मुली आपापल्या खेळतात म्हणे. आपापलं खेळून स्पर्धा होत नसते. टीम मोडली तर तिचं मागे राहिलेलं तेवढंही जाईल. ते होऊ देणार नाही.

तिची धाकटी बहीण ललिता वरच्या मजल्यावरून डबा घेऊन आली. तिला बेत सांगितला. ती म्हणाली, दाजी, तुम्हाला खो-खोतलं काय कळतं? मी म्हणालो, पाटबंधारे खात्यात आयुष्यभर पाणीपाळी सांभाळली, मॅनेजमेंट सगळीकडे सारखंच. ती म्हणाली, कालव्याला गुडघे नसतात. डबा ठेवून गेली.

१९ नोव्हेंबर, मंगळवार
पाचचा गजर लावला होता. त्याआधीच, तीनला जागा झालो. रोजच होतो. शिस्त अंगात असावी लागते. मैदानावर अंधारातच पोचलो. मुली उजाडल्यावर आल्या. सर्वात आधी कोच, हे त्यांना दिसलं असेल.

नियम सांगितले. उशीर चालणार नाही. हसणं बंद. मधली चिक्कीची सुट्टी बंद. मैदानावर कोणी रडलं तर तीन फेऱ्या. निकिताने विचारलं, काका, लागलं तर? लागलं तरी. मला सर म्हणायचं. बरं काका, म्हणाली.

कॅप्टन उत्कर्षा आहे. मांजरीहून पहाटेची बस पकडून येते. चांगलं मटेरियल आहे. थोडी घट्ट करावी लागेल.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार
ढिलाई कुठे आहे ते सापडलं.

आठ जणी आठ चौकांत ओळीने बसतात, एकीचं तोंड इकडे, दुसरीचं तिकडे. नववी पळते. दमली की बसलेलीच्या पाठीवर थाप मारून खो देते. ती उठते, ही तिच्या जागी बसते. खो मिळाल्याशिवाय उठायचं नाही. एवढा साधा खेळ आहे. पण या मुली सातच बसतात. शाळेकडच्या खांबाजवळचा आठवा चौक रिकामा. चार दिवस बघतोय.

आज विचारलं, कोण गैरहजर आहे? कोणी बोलेना. मग सोनालीला तिथे बसवलं. बसली आणि खाली मान घालून रडायला लागली. नियम म्हणजे नियम. तीन फेऱ्या. निमूट पळाली.

संध्याकाळी मोबाइलवर टफनेसचे तीन व्हिडिओ पाहिले. तिन्हींत हेच सांगतात. सत्यशीलाने लाडावून ठेवल्या होत्या, असं दिसतंय.

३० नोव्हेंबर, शनिवार
सोनाली आठवडाभर आली नाही. आणखी दोघींची परीक्षा. गाळ निघून जातो, पाणी उरतं.

स्वतः उदाहरण घालून द्यायचं म्हणून आज त्यांच्याबरोबर पळालो. अर्ध्या फेरीवर खांब तपासायला थांबलो. खांब पक्का आहे. बराच वेळ तपासला.

डबा तसाच परत गेला. ललिताने विचारलं, आवडला नाही का? म्हणालो, डाएट चालू आहे. ती म्हणाली, प्रॅक्टिस मुलींची आणि वाळताय तुम्ही.

४ डिसेंबर, बुधवार
माझा आवाज पोचत नाही, हेच मूळ कारण. बुधवार पेठेत जाऊन भोंगा आणला. बटण दाबून रेकॉर्ड करायचं की तेच तेच वाजत राहतं. दुकानदाराने विचारलं, भाजीला की भंगाराला? म्हणालो, खो-खोला. त्याने दोन क्षण माझ्याकडे पाहिलं. म्हणाला, त्याचा वेगळा येत नाही.

उद्या सकाळी घरीच रेकॉर्ड करून नेणार. पळा. थांबायचं नाही. दमलात तरी पळा. यापेक्षा जास्त काही कोचला बोलावं लागू नये.

५ डिसेंबर, गुरुवार
भोंग्यात फॉल्ट आहे.

मुलींना रांगेत उभं करून बटण दाबलं. त्यातून माझा आवाज आला. चहा झालाय. आज गार आहे, स्वेटर घालून जा. शिट्टी घेतलीस का?

बंद करायचं बटण सापडेपर्यंत तीनदा वाजलं. सकाळी चहा करताना तो ओट्यावर चालू राहिला असणार. टेस्टिंगला माणूस काहीही बोलतो.

हसण्याबद्दलचा नियम मात्र मुरलाय. एकही हसली नाही. निकिता जमिनीकडे बघत बुटाची नाडी बांधत बसली. नाडी सुटलेली नव्हती. प्रॅक्टिस लवकर संपवली.

९ डिसेंबर, सोमवार
उत्कर्षा जाणार.

प्रॅक्टिसनंतर थांबली. म्हणाली, काका, मांजरीत घराजवळ नवा क्लब निघालाय. शुक्रवारी इथला शेवटचा दिवस. निकिताही माझ्याबरोबर येतेय. म्हणजे टीम पुरी होत नाही. स्पर्धा नाही. पुढे काहीच नाही.

मी म्हणालो, कष्ट झेपत नसतील तर जा.

तिचा आवाज चढला नाही. म्हणाली, कष्टाचं काय सांगता? ताई तुमच्या दुप्पट पळवायच्या. एक खो चुकला तर पुन्हा पहिल्यापासून. ओकेपर्यंत पळालोय आम्ही. पण शेवटी त्या स्वतः त्या आठव्या चौकात बसायच्या. प्रत्येकीने त्यांना खो द्यायचा, आणि दर वेळी उठून त्या पलीकडच्या खांबापर्यंत पळायच्या. प्रत्येकीच्या वेळी. मग चिक्की. तो चौक आम्ही मोकळा ठेवला होता. तुम्ही सोनालीला तिथे बसवलंत.

मी म्हणालो, मला हे कोणी सांगितलं नाही.

ती म्हणाली, तुम्ही विचारलंत, कोण गैरहजर आहे. काय सांगणार?

घरी येऊन सत्यशीलाची शिट्टी खुंटीला अडकवली. ती वर्षानुवर्षं घामाघूम घरी यायची. मी पेपर वाचत असायचो. चहा तयार ठेवायचो, ते खरं आहे. मैदान चालत दहा मिनिटांवर. कधी गेलो नाही.

जाऊ दे जायचं तर. टीम काय, होतात आणि मोडतात.

१० डिसेंबर, मंगळवार
गेलो नाही. गुडघा.

११ डिसेंबर, बुधवार
गुडघा. ललिता म्हणाली, दाजी, काल डावा दुखत होता. आज उजवा धरून बसलाय.

मी म्हणालो, टीम बंद केलेलीच बरी. तिने डबा खाली ठेवला. मग म्हणाली, ताईने ताप अंगात असतानाही एक सकाळ चुकवली नाही. तुम्ही निदान शुक्रवारी त्या पोरींना तोंड दाखवा.

१३ डिसेंबर, शुक्रवार
गेलो. भोंगा नेला नाही, शिट्टी तेवढी गळ्यात घातली.

सगळ्या आल्या होत्या. सोनालीसुद्धा. उत्कर्षाचा शेवटचा दिवस म्हणून असेल. मैदानावर पाणी मारलेलं होतं. ओळ बसली, सातच. मी म्हणालो, आठवा चौक रिकामा ठेवणं टेक्निकली चूक आहे, मी डेमो देतो. जाऊन तिथे बसलो. उकिडवं बसताना दोन्ही गुडघ्यांचा आवाज झाला. निकिता हसली. हसू दिलं.

तिथे बसल्यावर मागचं काही दिसत नाही. पाठ करून थांबायचं, एवढंच. पावलं ऐकू येतात, जवळ येतात, दुसऱ्या कुणाकडे जातात. मग पाठीवर थाप पडली. खो. सोनालीचा आवाज होता.

सत्यशीला गेल्यापासून कुणाचा हात लागला नव्हता. लोक समोर येऊन हात जोडून गेले.

खो मिळाला की उठायचं असतं. मी उठलो नाही. डोळ्यांत धूळ गेली, असं लिहिणार होतो. पण मैदानावर पाणी मारलेलं होतं, ते वर लिहून बसलोय. चांगला आवाज करून रडलो. खेळ थांबला. कोणी जवळ आलं नाही, कोणी लांबही गेलं नाही.

बऱ्याच वेळाने उत्कर्षा म्हणाली, काका, तीन फेऱ्या.

नियम माझाच. पहिली पळालो. दुसरी चाललो. सगळ्या माझ्याबरोबर चालत होत्या, सोनाली पुढे, चिक्की खात. मलाही तुकडा दिला. तिसरी झाली नाही. खांबाला धरून उभा राहिलो, या वेळी तपासायला नाही. शिट्टी गळ्यातून काढून उत्कर्षाकडे दिली. तिने घातली. म्हणाली, प्रॅक्टिस मी घेईन, तुम्ही आठव्या चौकात बसायचं, आणि खो मिळाला की उठायचं. आज फाऊल होता.

मांजरीचं काय, ते विचारायचं धाडस झालं नाही. जाताना तीच म्हणाली, एक फेरी राहिलीय, ती उद्या.

उद्या म्हणाली.

गुडघे दुखतायत. दोन्ही.