शिक्का न मारलेली पानं

देगू, ६ नोव्हेंबर

ती. सौ. फिलसुनताईस,

धाकट्या हेसुनचा नमस्कार. पहाटे बुद्धापुढे एकशे आठ नमस्कार घालून झालेत आणि गुडघ्यांत आता वाकायची ताकद उरली नाही, तेव्हा हा बसल्या जागेवरूनच गोड मानून घे. भावजींची कंबर कशी आहे? पर्सिमनची तोडणी आटोपली का? फळं सोलून वाळत घालायला यंदा माणसं मिळत नाहीत, असं तू म्हणाली होतीस. आता एक माणूस घरबसल्या चालत आलंय, तेव्हा ती काळजी मिटली असेल. माझ्या सेरिनला तुझ्याकडे येऊन आज नऊ दिवस झाले. (मी मोजत नाही. भिंतीवर कॅलेंडर आहे, ते दिसतं.) फोन सोडून हे पत्राचं काय खूळ, असं म्हणशील. फोन केला की तुझ्या आवाजामागे सुरीचा आवाज येत असतो, फळ सोलण्याचा. तू माझं नाव घेतलंस की तो थांबतो. मग मला काही बोलता येत नाही, आणि आपण दोघी हवेवर बोलत बसतो.

तुझ्या कानावर तिची बाजू गेलीच असेल. आता माझीही ऐक, म्हणजे मला शिव्या देताना तुझ्याजवळ पुरेसा मजकूर राहील. आमच्या चौकातल्या इंग्रजीच्या शिकवणीत रोज पन्नास शब्द पाठ करायला देतात. साधे नव्हेत. पाणी, भात, आई हे शब्द पोरांनी लहानपणीच उरकलेले असतात. पुढच्या वर्षीच्या प्रवेशपरीक्षेसाठी जे देतात, ते खुद्द इंग्रज तरी आपल्या घरात वापरत असतील की नाही, देव जाणे. कुरकुर करणाऱ्या माणसाला सहा शब्द, तोंडपुज्याला नऊ, आणि कंजूष माणसाचे तर विचारूच नकोस. (त्या देशात इतक्या जातींचे कंजूष असतील, तर मला तिथे कुणी नावं ठेवणार नाही.) शिकवणीचा नियम असा, की हे शब्द घरी आईने विचारायचे, आणि पानातले पन्नासच्या पन्नास आले तरच त्याखाली आपल्या नावाचा शिक्का मारायचा. महिनाअखेर शिक्के बघून मुलांना पहिल्या, दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या वर्गात बसवतात. मुलांपाठोपाठ आयांचीही मोबाइलवरच्या त्या त्या गटात रवानगी होते.

आपण दोघी शाळेची शेवटची परीक्षा देऊन थेट चुलीपाशी आलेल्या. पण मुलीला विचारायचं तर आपल्याला उच्चार नको का यायला? म्हणून मी पहाटेच्या नमस्कारांबरोबर शब्द म्हणायला लागले, एका नमस्काराला एक. एकशे आठात दोन दिवसांचे शंभर बसायचे. उरलेले आठ बुद्धासाठी. सहा महिन्यांत मला सगळे शब्द यायला लागले आणि सेरिनला येईनासे झाले. याला मी काय करू? ती उत्तर शोधत छताकडे बघायची, तोवर ते माझ्या जिभेवर येऊन बसलेलं असायचं. मी बोलायची नाही, पण ती म्हणते, "आई, तुझ्या ओठांकडे बघूनच मला घाम फुटतो."

एका पानात एकोणपन्नास बरोबर आले. पन्नासावा होता 'पार्सिमोनियस', कंजुषांच्याच जातीतला. सेरिनने माझ्याकडे पाहिलं, मग बार्लीच्या चहाची पुडी मी तिसऱ्यांदा उकळत होते तिच्याकडे पाहिलं, आणि म्हणाली, "आईसारखा."

मी म्हटलं, पुस्तकात लिहिलाय तो अर्थ सांग.

"पुस्तक लिहिणारा कधी आपल्याकडे जेवला नसेल," ती म्हणाली.

तिचे वडील वर्तमानपत्रामागे गदगदत होते. (आमच्याकडे हसायचं झालं तरी आवाज न करता हसतात.) ताई, तेव्हा मीही हसले असते तर आज हे पत्र लिहावं लागलं नसतं. पण मी शिक्का उचलून डबीत ठेवला. ज्या हाताने वीस वर्षं घरचा जमाखर्च लिहिला त्या हाताने न आलेल्या शब्दाला आला म्हणायचं, हे माझ्याच्याने होत नाही. खोटं न बोलण्याचं व्रत मी बुद्धासमोर घेतलंय, शिकवणीच्या मास्तरांसमोर नव्हे.

सप्टेंबरच्या अखेरीस अकरा पानं कोरी निघाली. सेरिन पहिल्या वर्गातून थेट तिसऱ्यात. दुपारी मला एका गटातून काढलं, संध्याकाळी दुसऱ्यात घातलं. मेलेल्या माणसाचं नावसुद्धा इतक्या चटकन खोडत नाहीत. तिच्या बाकावरच्या जुवॉनची आई मला भाजीबाजारात भेटली. ही बाई रविवारी टीव्हीवरची मालिका बघता बघता आठवड्याचे शिक्के एकदम उठवते, हे तिनेच मला हसत हसत सांगितलेलं. वर म्हणते कशी, "अगंबाई, सेरिनची आई! शिक्क्यातसुद्धा काटकसर? सांगायचंत ना, शाई मी दिली असती!" आणि शिकवणीच्या वॉन मास्तरांनी बोलावून घेतलं, समोर ती कोरी पानं पसरली आणि हळहळून म्हणाले, "मुलगी हुशार आहे हो, पण घरून लक्ष कमी पडतंय." माझं लक्ष! ज्या बाईचे गुडघे लक्ष देऊन देऊन झिजले, तिचं!

मी तशीच उठून देवळात गेले. थोरल्या भिक्षुणी अंगणात किमचीच्या कोबीला मीठ चोळत होत्या. त्यांना सगळं सांगितलं. वाटलं, म्हणतील शाबास. त्या हात न थांबवता म्हणाल्या, "खोटा शिक्का मारला नाहीस, बरं केलंस. पण बाई, खरा मारतेस तेव्हा तुझा चेहरा कसा असतो गं?" मला संताप आला. (अजून आहे. पण परवा आरशासमोर उभं राहून शिक्का मारून पाहिला. त्याबद्दल काही लिहीत नाही.)

आता सेरिन निघून गेली त्या सकाळचं. सेरिनचे वडील आगीत तेल ओतायला कधी येत नाहीत, पण त्या दिवशी तिला धीर द्यायला गेले. म्हणाले, आमच्या वेळी शब्दकोशाचं पान पाठ झालं की ते फाडून खाऊन टाकायचो. पोटात गेलेलं डोक्यातून जात नाही. (त्यांनी 'डी'पर्यंत खाल्लं, मग पोट बिघडलं. म्हणून त्यांना आजही 'डी'च्या पुढचं इंग्रजी येत नाही.) सेरिन उठली, त्या दिवसाचं पान टरकन फाडलं, माझ्या सोयाबीनच्या सूपच्या वाडग्यात बुडवलं आणि म्हणाली, "शब्द तुलाच येतात ना, आई? मग तूच खा." आणि दप्तर न घेता गेली. तासाभराने तुझा फोन आला, की बसमधून उतरली आहे, डोळे सुजलेत, काय झालं गं.

मी काय केलं सांगू? पान बाहेर काढलं, निथळलं आणि खालून तापवलेल्या जमिनीवर वाळत घातलं. वाया जाऊ द्यायचं नाही, ही खोड. वाळल्यावर वाचलं. पन्नासच्या पन्नास शब्द मला येत होते, आणि घरात विचारणारंही कुणी नव्हतं, सांगणारंही.

असो. तिला परत पाठवायची घाई करू नकोस. आम्ही दोघं मजेत आहोत. मागच्या ओसरीत गार वाऱ्याला बसू देऊ नकोस, तिचा घसा धरतो. भावजींना नमस्कार.

तुझी,
हेसुन

ता. क. सोबत तिचे लोकरीचे कपडे पाठवले आहेत. शब्दांचं पुस्तक मी दोनदा गाठोड्यात घातलं आणि दोनदा काढलं. शेवटी नाहीच घातलं.

ता. क. दुसरी. शिकवणीतून तिचं नाव काढून घेतलं. वॉन मास्तरांनी विचारलं, कारण काय लिहू? मी म्हटलं, घरून लक्ष जास्त पडलं, असं लिहा. हे तिला एवढ्यात सांगू नकोस. आपण जिंकलो असं तिला वाटेल. किंवा सांग.

ता. क. तिसरी. शनिवारी मला सवड आहे. फळं सोलायला एक हात वाढला तर तुलाही बरंच. तू आपली बोलता बोलता तिला विचार, आई आली तर चालेल का. हो म्हणाली तर लगेच कळव, मी पहिल्या बसने निघते. नाही म्हणाली, तर ताई, मला तसं लिहू नकोस. विचारायला वेळच झाला नाही, असं लिही. मी खरं मानीन.