पेनीवरचा अंगठा

अहो,

हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही. आज कळलं, तर तुम्ही धावत जाऊन पुसून मोकळे व्हाल.

साच्यातल्या चुकीमुळे साल दोनदा उमटलेली ती ब्रिटिश पेनी तुम्ही मखमलीत ठेवलीत. भिंगाखाली तिची चूक बघताना काय चेहरा खुलायचा तुमचा! माझ्या हातून मात्र शर्टाला एक बटण वेगळ्या रंगाचं लागलं, तर पाहुण्यांसमोर माझा उद्धार. एकदा कौतुकानं त्या पेनीला हात लावायला गेले, तेव्हा तुम्ही ड्रॉवर धाडकन लोटलात. "घामाचा डाग तांब्यात कायमचा बसतो, अक्कल आहे का?" ड्रॉवरमध्ये सापडून माझा अंगठा चिरला होता आणि तुम्ही पेनी तपासत होतात.

परवा घर सोडताना तोच अंगठा तिच्यावर दाबला, चांगला दहा आकडे मोजेपर्यंत. सध्या काही दिसणार नाही. चार-सहा महिन्यांनी पेनीवरच्या राणीच्या गालावर तपकिरी ठसा वर येईल, मधोमध आडवा व्रण असलेला. कोणाचा, ते तुम्हाला विचारावं लागणार नाही. बारीक खुणा ओळखण्यात तुमचा हात कोण धरणार?

जिला पेनीला हात लावू देत नव्हतात, ती