सी वर न थांबणारं युकुलेले

तीर्थरूप मामांस साष्टांग नमस्कार (साष्टांग कागदावरच, लोकांच्या दाढांवर वाकून वाकून कंबर धरली आहे, तेव्हा मान लववली आहे असं समजून घ्या). तुमचा गुडघा काय म्हणतो? मामींचा खोकला थांबला का? इथे सगळे ठीक आहेत, म्हणजे मी सोडून सगळे.

मामा, तुम्ही युकुलेले, ते चार तारांचं गिटारचं पिल्लू, पाठवलंत याबद्दल माझी तक्रार नाही. लग्नात बापाने एक गाणं वाजवावं ही लेकीची हौस, आणि लगेच ‘हो’ म्हणून बसायची घाई माझी. तक्रार आहे ती तुमच्या फोनवरच्या शिकवणीबद्दल. सोपं काहीतरी सांगा म्हटलं, तर तुम्ही म्हणालात, पियानोच्या नुसत्या पांढऱ्या पट्ट्यांचे सूर घे, ई पासून वरच्या ई पर्यंत, काळ्यांची भानगडच नको, याला फ्रिजियन सप्तक म्हणतात. ई मायनरची कॉर्ड धर, मग एफची, पुन्हा ई मायनर, बोटं सैल होतील. बोटं झाली हो सैल! पण ऐकणारी माणसं ताठ होतात, त्याचं काय करू? तो एफ त्या ई मायनरला इतका खेटून असतो की तिथून खाली उतरलं रे उतरलं, की ऐकणाऱ्याला वाटतं आता काहीतरी वाईट कानावर येणार. पहिल्याच दिवशी तुमची सूनबाई साबणाच्या हातांनी धावत बाहेर आली, कोण गेलं म्हणून विचारलं आणि मी उत्तर द्यायच्या आत खुर्चीत बसली. दवाखान्यात तर कहरच. एका धिप्पाड गृहस्थांना दाढ काढण्यासाठी इंजेक्शन देऊन खुर्चीत बसवलं होतं. भूल चढेपर्यंत आतल्या खोलीत जरा सराव करावा म्हटलं (माझंच चुकलं, जबडा बधिर होतो, कान नाही). बाहेर येऊन पाहतो तर खुर्ची रिकामी! गळ्यातला कागदी रुमाल घेऊन गृहस्थ पसार, आणि दाढ अजून त्यांच्याकडेच आहे. माझ्या मदतनीस बाईंनी तेव्हापासून युकुलेले कवळ्यांच्या साच्यांमागे लपवून ठेवलंय. मागितलं तर आधी बाहेर कोणी बसलेलं नाही ना, ते बघून येतात.

इथवर हसण्यावारी नेलं असतं, पण परवा विहीणबाई आल्या. हॉलमध्ये खुर्च्या कशा मांडायच्या एवढंच बोलायला आल्या होत्या बिचाऱ्या. लेक म्हणाली, बाबा, वाजवून दाखवा ना. मी तुम्ही बसवून दिलेलं ते आनंदी गाणं सी मेजरमध्ये अगदी शहाण्यासारखं सुरू केलं. सूर सगळे तेच पांढऱ्या पट्ट्यांचे, फक्त शेवटी सी वर यायचं आणि थांबायचं. आलो की मी सी वर! पण हात थांबेना. गेला एफ वर, तिथून घसरला ई मायनरवर आणि तिथेच ठाण मांडून बसला. विहीणबाईंचा कप ओठांपर्यंत जाऊन तसाच खाली आला. जाताना त्यांनी सूनबाईला बाजूला घेऊन हळूच विचारलं, “मुलीच्या तब्येतीचं काही लपवत तर नाही ना तुम्ही?” कालपासून त्यांचा फोन नाही. मामा, माझ्या या दोन कॉर्डांपायी पोरीचं ठरलेलं लग्न मोडलं तर मी कुठे तोंड दाखवू? माझा तर धंदाच तोंडाचा! झोप उडाली आहे माझी. तेव्हा कृपा करून लेकीला चार ओळी लिहा की युकुलेलेची मान तडकलेली आहे, ते वाजवणं धोक्याचं आहे, ताबडतोब परत पाठवा. मोठ्यांचं ती ऐकते.

मामींना नमस्कार. गुडघ्याला शेक देत राहा.

तुमचा घाबरट भाचा

ता. क. विहीणबाईंचा आत्ताच फोन आला. खुर्च्या गोल मांडायच्या ठरल्या. लग्न शाबूत आहे. तरीही तुम्ही लिहाच.

ता. क. २. नका लिहू. खरं सांगतो, दवाखान्यात एकटा असलो की मी सी वर व्यवस्थित थांबतो. बाई साक्षीला आहेत. लेक समोर बसली की मात्र जमत नाही. लग्नानंतर ती सातासमुद्रापार जिथे जाणार, तिथे आपल्या जेवणाच्या वेळी लोक झोपलेले असतात, मामा. गाणं संपलं की ती उठणार, हे हाताला कसं कळतं कोण जाणे. तुम्ही याच. माझ्या शेजारी बसा, आणि शेवटचा सी वाजला की सरळ तारांवर हात ठेवा.

ता. क. ३. पाकीट चिकटवायच्या आत लेकीने हे सगळं वाचलं. पाकीट माझ्या हातातून काढून घेतलं. मग म्हणाली, “मामाआजोबांना लिहा, यायचं नक्की, पण हात ठेवायचा नाही. तुमचं वाजवून होईपर्यंत मी कुठेही जात नाही.” तेव्हा मामा, तुम्ही अगदी माझ्या शेजारीच बसा, कारण आता माझा हात आपणहून थांबायचा नाही, कोणीतरी हात ठेवायलाच हवा.